तांबूला लागलेला वास

तांबूला दवाखान्यातून घरी आणलं तो शनिवार होता. कॉन्रॅडच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवरची झाकणाची टोपली दोन्ही हातांनी सांभाळत पॉलिन निर्मळ गावातल्या घरी पोचली. आता आंघोळ करायची आणि ड्यूटीवर निघेपर्यंत तासभर पाठ टेकायची, एवढंच तिच्या मनात होतं. वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती आणि त्या आठवड्यात तिची दुपारपाळी होती. कॉन्रॅड शेजारचा. त्यानं टोपली ओट्यावर ठेवून दिली, "बघ, आता ठणठणीत होईल," म्हणाला आणि आपल्या घरी गेला.

तांबू आणि चिमी ही एका वेताची भावंडं. पॉलिनच्या आईनं उमेळ्याच्या बहिणीकडून दोघांना एकाच पिशवीत घालून आणलं होतं. आई जाऊन आता दोन वर्षं झाली होती. घरात पॉलिन आणि तिचे वडील फर्डिनंड, अशी दोनच माणसं राहिली होती, आणि पंच्याहत्तरीला टेकलेल्या फर्डिनंडचा दिवस या दोन मांजरांवर जात असे. सकाळी केळीच्या वाडीत फेरी मारताना दोघं त्यांच्या पायात, दुपारी ओट्यावरच्या आरामखुर्चीत दोघं त्यांच्या अंगावर. रात्री ती एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपत, ती अशी की कुठला पाय कुणाचा ते ओळखू येत नसे.

आठवड्यापूर्वी बाजूच्या वाडीत कुणीतरी घुशींसाठी लोखंडी चाप लावला होता. त्यात तांबूचा मागचा पाय सापडला. फर्डिनंडनी हळद भरली, चिंधी बांधली. चार दिवसांनी पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला आणि त्यातून पू यायला लागला. पॉलिन दवाखान्याचं बोलली तेव्हा ते म्हणाले, "मुक्या जनावराला कसला आलाय दवाखाना? चाटून चाटून बरं होतं ते." पॉलिननं ऐकलं नाही. ती तांबूला घेऊन थेट गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर साताऱ्याकडचा, तरुण, नुकताच बदलून आलेला. "बाई, मी म्हशींचा डॉक्टर," तो आधीच म्हणाला, पण त्यानं जखम नीट धुतली, टाके घातले आणि इंजेक्शनं द्यायची म्हणून बोक्याला दोन रात्री ठेवून घेतलं.

तर टोपली ओट्यावर होती. आतून चिमी शेपटी ताठ उभारून धावत आली. झाकणाच्या फटीला तिनं नाक लावलं आणि जागच्या जागी थिजली. मग तिच्या पोटातून असा आवाज निघाला, की आरामखुर्चीतले फर्डिनंड उठून उभे राहिले.

"चिमे, अगं तांबू आहे तो," ते म्हणाले आणि पॉलिननं थांबवायच्या आत त्यांनी झाकण काढलं.

तांबूला अजून गुंगी होती. तो लंगडत बाहेर आला आणि बहिणीच्या अंगाला अंग घासायला निघाला. चिमीनं त्याच्या नाकावर सणसणीत पंजा मारला. दुसऱ्या क्षणी दोघांचा एक गोळा होऊन खुर्चीखाली लोळत होता, केसांचे पुंजके उडत होते, तुळशीबागेतून आणलेली चिनी मातीची कुंडी पायरीवर पडून फुटली. फर्डिनंडनी मध्ये हात घातला आणि कोपरापासून मनगटापर्यंत तीन लाल रेघा ओढून घेतल्या. चिमी माळ्यावर पळाली. तांबू शिवणयंत्राच्या मागे शिरला. पॉलिनची आंघोळ राहिली, पाठ टेकणं राहिलं. वडिलांना सुईसाठी डॉक्टरकडे नेऊन ती तशीच बसला धावली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिसा करून आल्यावर कॉन्रॅडची बायको रोझलिन विचारपूस करायला आली. तिच्याकडे उपाय तयार होता. "माझ्या माहेरी अस्संच झालेलं. दोघांना एकच पावडर फासायची. दोघांचा वास एक झाला की संपलं."

पॉलिननं डबा रिकामा केला. चिमीला माळ्यावरून उतरवताना तिच्या नव्या ब्लाउजची बाही फाटली. पावडर फासून दोघांना समोरासमोर आणलं, तर आधी तांबडी आणि करडी मांजरं भांडत होती, आता दोन पांढरी भांडली, एवढाच फरक. घरभर पांढरी पावलं उमटली. माळ्यावरून चिमीचा पांढरा चेहरा खाली बघून गुरगुरत राहिला. रोझलिन म्हणाली, "आमच्याकडे पावडर दुसऱ्या कंपनीची होती."

शेवटी पॉलिननं तांबूला आईच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीत आता आईचा पलंग आणि कपाट, एवढंच होतं. आई गेल्यापासून फर्डिनंड ओट्याला लागून असलेल्या खोलीत झोपत आणि इकडे सहसा फिरकत नसत. तिनं आत पाणी ठेवलं, मातीचं घमेलं ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि वडिलांना सांगितलं, "पप्पा, हे दार मी आल्याशिवाय उघडायचं नाही. त्याचा पाय भरू दे. मग बघू."

"बरं," फर्डिनंड म्हणाले.

सोमवारपासून तिची सकाळपाळी होती. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दार उघडं होतं आणि चिमी माळ्यावर होती. मंगळवारी तिनं कडीला सुतळी बांधली. संध्याकाळी सुतळी नीट गुंडाळून खिडकीत ठेवलेली होती.

"पप्पा, कशाला उघडलंत?"

"भावंडं आहेत ती. समोरासमोर बसवली की ओळखतील."

"ओळखली का?"

फर्डिनंडनी हात पाठीमागे नेले. दुसऱ्या हातावर एक नवी रेघ होती.

पॉलिनला राग गिळायची सवय होती. एक्स्चेंजमध्ये आठ-आठ तास कानाला हेडफोन लावून लोकांचं ओरडणं ऐकायचं आणि आपण मात्र "थांबा, लावून देते" एवढंच म्हणायचं, हेच तिचं काम. पण त्या आठवड्यात तिला बोर्डासमोर बसलं तरी कानात गुरगुर ऐकू यायची. बुधवारी तिनं एका केळीच्या व्यापाऱ्याचा कॉल विरारच्या एका शाळेला जोडून दिला. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि मनात सुतळीऐवजी कुलूप घ्यायचं ठरवत होती.

कुलूप घ्यायला उशीर झाला होता. घरी आली तर ओट्यावर रक्ताचे थेंब. चिमी केळीत कुठेतरी निघून गेलेली. तांबू आईच्या पलंगाखाली, पायाचे टाके तुटलेले आणि मांस उघडं पडलेलं. फर्डिनंड पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" पॉलिनचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तो आत रडत होता."

"रडू दे ना. चार दिवस रडला असता. आता परत टाके, परत तोच वास, परत पहिल्यापासून. मी किती वेळा रजा मागू? किती वेळा कॉन्रॅडच्या स्कूटरवर बसू?"

"तू नेलंस म्हणून झालं हे," फर्डिनंड जमिनीकडे बघत म्हणाले. "घरी ठेवला असता तर बरा झाला असता. तुला सवयच आहे. कुणाला काही झालं की उचलायचं आणि दवाखान्यात नेऊन टाकायचं."

हे बोलणं तांबूबद्दल नव्हतं. आईचा ताप उतरेना तेव्हा फर्डिनंड नको नको म्हणत असताना पॉलिननंच टॅक्सी करून तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं होतं. अकराव्या दिवशी आई परत आली ती शवपेटीतून. दोन वर्षांत ते याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. बोलले असते तर पॉलिनकडे उत्तर होतं. रोज बसमध्ये बसून तिनं ते शंभर वेळा घोकलं होतं. आता मात्र तिला त्यातलं एक वाक्य आठवेना. ती पलंगाखाली आडवी झाली, बोक्याला मानेला धरून बाहेर ओढलं आणि टोपली शोधायला गेली.

डॉक्टरनं पुन्हा टाके घातले. या खेपेला रात्री ठेवून घेतलं नाही. "आणखी एकदा फाटला तर पायाचं काही खरं नाही," तो म्हणाला. "बारा दिवसांनी टाके काढायला आणा."

"परत आणायचा?" पॉलिन म्हणाली. "डॉक्टर, तुमच्याकडचा वास लागला की त्याची बहीण त्याला फाडून खाते."

डॉक्टर विचारात पडला. "म्हैस रेडकाला जवळ घेत नाही तेव्हा आमच्याकडे रेडकाच्या अंगाला मीठ चोळतात. ती चाटायला लागते. पण मांजराला मीठ... नको. मांजराचं मला खरंच माहीत नाही, बाई."

माहीत नाही असं सरळ सांगणारं त्या आठवड्यात तिला भेटलेलं ते पहिलं माणूस. तिला त्याचाही राग आला.

गुरुवारी पॉलिननं रजा टाकली होती. त्या सकाळी भागूबाई आली. ती खाडीकडच्या गावातून आठवड्यातून दोनदा वाडीत निंदणीला यायची. चिमी केळीच्या पानांखाली बसलेली तिलाच सापडली. ती तिला काखेत घालून ओट्यावर आली, पायरीवर टेकली आणि पॉलिनकडून सगळी कहाणी ऐकून घेतली. फर्डिनंड आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. बाप-लेकीचं कालपासून बोलणं नव्हतं.

"चिमीला कसं कलनार, ह्यो तिचा भाऊस हाय म्हनून?" भागूबाई म्हणाली. "मांजराचा समदा कारभार नाकानं. ह्यो घरातून गेला आनि भलताच वास घेऊन आला. तिच्या लेखी कोन परकाच घुसला घरात."

"म्हणून तर पावडर लावली."

"पावडर कोनाच्या वलखीची, बाय? आमच्या बकरीचं पिल्लू एकदा शेजारच्या पोरांनी दिसभर खेलवलं. सांजचं आनलं तं बकरी त्याला शिंगावर घेई. माज्या आयशीनं आपलं जुनं लुगडं घेतलं. आधी बकरीला पुसलं, मंग पिल्लाला. रोज, चार-पाच दिस. तवर पिल्लू येगलं बांधलं. घाई नाय केली." ती थांबली आणि आरामखुर्चीकडे वळली. "बाबा, अंगातली बंडी काडा."

फर्डिनंडनी डोळे उघडले. "कशाला?"

"या घरात वास कोनाचा? तुमचाच. दोघं तुमच्याच अंगावर वाडली. काडा."

पंच्याहत्तर वर्षांचा माणूस भर सकाळी ओट्यावर उघडा बसला. भागूबाईनं बंडी चिमीच्या गालांवरून, मानेवरून, पाठीवरून फिरवली. चिमी डोळे मिटून घेत होती. मग बंडी पॉलिनच्या हातात दिली. "जा, आता त्याला पुस."

"आणि तो रडायला लागला की हे दार उघडणार," पॉलिन वडिलांकडे न बघता म्हणाली.

"येकला हाय म्हनून रडतो. दार उघडून काय व्हनार? बाबा, तुमी आत जाऊन बसा ना त्याच्यासंगं."

इतकी साधी गोष्ट. पाच दिवस पॉलिन दार लावत होती, सुतळ्या बांधत होती, ओरडत होती. बंद दाराच्या आतल्या बाजूला वडिलांना बसवावं हे तिला सुचलं नव्हतं. सुचलं नाही याचा राग, आणि भागूबाईला एका बैठकीत सुचलं याचाही राग, असा दुहेरी राग गिळून ती आत गेली.

फर्डिनंड बराच वेळ ओट्यावरच बसून राहिले. मग उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि आईच्या खोलीत गेले. दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. रोज संध्याकाळी पॉलिन त्या बंडीनं दोघांना पुसायची. बंडी धुवायची नाही, असा भागूबाईचा हुकूम होता, त्यामुळे तिला हात लावणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं. बंद दाराच्या आत तांबूची ताटली, बाहेर चिमीची, दोन्हीत बोंबलाची डोकी. पहिल्या दिवशी चिमी दाराजवळ यायलाच तयार नव्हती. तिची ताटली पार स्वयंपाकघरापर्यंत मागे न्यावी लागली. मग रोज एक वीत पुढे. तीन दिवस पुढे सरकलं की चौथ्या दिवशी चिमी दाराकडे बघून फिस्कारायची आणि ताटली पुन्हा मागे. सहाव्या दिवशी रोझलिन सूपचा वाडगा घेऊन आली आणि "कसा आहे आमचा पेशंट?" म्हणत तिनं सरळ दार ढकललं. चिमी तिच्या पायांमधून आत. फर्डिनंडनी तिला हवेतच झेलली म्हणून टाके वाचले, पण नंतर दोन दिवस चिमीनं त्या बाजूला तोंड केलं नाही.

त्या संध्याकाळी पॉलिन मोरीत जाऊन रडली. मांजरांसाठी रडतोय याची तिला लाज वाटली. तिला मांजरं तशी आवडतही नव्हती. आईनं आणली, पप्पांनी लाडावली, आणि ताटल्या विती-वितीनं सरकवायचं काम मात्र तिच्या वाट्याला आलं.

एक गोष्ट मात्र बदलली होती. दार आता कुणी उघडत नव्हतं. फर्डिनंड सकाळची फेरी मारून आले की खोलीत जायचे. तांबू मांडीवर, ते खिडकीशी. त्यांनी आईच्या कपाटावरची धूळ पुसलेली पॉलिनला दिसली. दुसऱ्या दिवशी कपाटावर देवाच्या आल्तारासमोरून आणलेला झेंडूचा एक ग्लास होता.

नवव्या दिवशी ती त्यांचा चहा घेऊन आत गेली. ते तांबूच्या कानामागे खाजवत होते.

"तिचा ताप उतरतच नव्हता," ते म्हणाले.

पॉलिन कप धरून उभी राहिली. "हो."

"घरी ठेवली असती, तरी..."

ती थांबली. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य अर्ध्यावर आलं होतं. फर्डिनंडनी तिच्या हातातून कप घेऊन चहाचा घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "बोंबील संपलेत. उद्या येताना आण."

पॉलिन स्वयंपाकघरात आली आणि तिनं स्वतःचा कप इतक्या जोरात आपटला की कानच उडाला. तिला ओरडावंसं वाटत होतं. पण मग तिनं खालचा कानाचा तुकडा उचलला, आणि तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की छातीतलं काहीतरी थोडं सैल झालं आहे. उरलेलं अर्धं वाक्य ते कधी बोलतील असं तिला वाटेना. दुसऱ्या दिवशी तिनं बोंबील आणले.

अकराव्या दिवशी दोघं दाराच्या दोन बाजूंना, मध्ये फक्त फळी ठेवून, बिनतक्रार जेवली. बाराव्या दिवशी फर्डिनंडनी दाराला वीट लावून चार बोटांची फट ठेवली. चिमीनं फटीतून पाहिलं, गुरगुरली, पण ताटली सोडून गेली नाही.

आता टाके काढायचे होते. ड्यूटीवर जाण्याआधी पॉलिन दवाखान्यात गेली. बाहेर एक म्हैस आणि तिचा मालक बसले होते. ती त्यांच्या पुढे घुसली. "डॉक्टर, मी त्याला आणणार नाही. तुम्हीच घरी या. हवं तर हात जोडते."

डॉक्टर रविवारी आला. फर्डिनंड त्याला घरात घेईनात. आधी विहिरीवर नेलं. "कोपरापर्यंत धुवा," ते साबण देत म्हणाले. मग त्यांनी आपला वाडीत घालायचा शर्ट पुढे केला. "आणि हा घाला. तुमच्या शर्टाला दवाखान्याचा वास येतो."

डॉक्टर ठेंगणा होता. शर्ट त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला. त्यानं बाह्या दुमडल्या. स्वयंपाकघरात उकळून घेतलेल्या कात्रीनं त्यानं आईच्या खोलीत, फर्डिनंडच्या मांडीवरच, एक-एक टाका काढला. पाय भरला होता. थोडं लंगडणं राहील, तो म्हणाला.

"उघडू?" फर्डिनंडनी पॉलिनला विचारलं. दाराबद्दल त्यांनी तिला विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"उघडा."

चिमी आत आली. तिनं डॉक्टरच्या पायाचा वास घेतला, फर्डिनंडच्या शर्टाचा घेतला, मग तांबूच्या पायाशी आली आणि थांबली. तिच्या घशात बारीक गुरगुर सुरू झाली. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं बळ आपल्यात नाही, हे पॉलिनला स्वच्छ कळत होतं. तांबू हलला नाही. गुरगुर हळूहळू बसत गेली. चिमी शिंकली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि आपलीच तंगडी चाटायला लागली.

"एवढंच?" डॉक्टरनं विचारलं.

"एवढंच पुष्कळ आहे," फर्डिनंड म्हणाले.

त्यानंतर मारामारी झाली नाही. प्रेमही दिसलं नाही. दोघं एका घरात राहत, एका वेळी जेवत, आणि झोपायला एक ओट्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. भागूबाई म्हणाली, "व्हईल." पॉलिनला आता कुणाच्याच 'होईल'चा भरवसा नव्हता. दवाखान्याचे खेटे, रजा, फाटलेला ब्लाउज, सुपरवायझरची बोलणी, आणि शेवटी काय, तर दोन पाठी.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात ती सकाळपाळी संपवून घरी आली तेव्हा फर्डिनंड फाटकाशी उभे होते. ते सहसा फाटकापर्यंत येत नसत.

"तिनं त्याचा कान चाटला," ते म्हणाले.

"कधी?"

"अकराच्या सुमाराला. आधी कान, मग मान. मग तिथंच डोकं टेकून झोपली. अगदी पहिल्यासारखी."

"किती वेळ?"

"बराच. तासभर असेल."

"मग आता कुठे आहेत?"

फर्डिनंडनी ओट्याकडे हात केला. पॉलिन घाईनं पुढे गेली. तांबू आरामखुर्चीत होता. चिमी पायरीवर, त्याच्याकडे पाठ करून, माश्या बघत बसली होती.

"मी तर काहीच बघितलं नाही," पॉलिन म्हणाली.

"तू ड्यूटीवर होतीस," फर्डिनंड म्हणाले, आणि तिच्या हातातली जड पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.